ओट्याची दारं: बीडच्या स्वयंपाकघरातल्या लाकडाचा जमाखर्च



दिवाळीच्या आधी, पर्युषणाच्या आधी किंवा घरात लग्न ठरलं की आपल्या बायकांत एक विषय हमखास निघतो. ओट्याखालची दारं फुगलीत, सनमायका सुटलाय, बिजागऱ्या लोंबतायत. आता सगळं उखडून नवं मॉड्युलर करायचं की नुसती दारं बदलायची? खर्च किती येईल? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "तूच ठरव." दुकानात विचारलं तर आकडा ऐकून घोटभर पाणी प्यावं लागतं.

आमच्या घरी हे काम २०२५ च्या उन्हाळ्यात झालं. हिशेब पुढे देतेच. पण तो मांडताना घरातल्या जुन्या वह्या काढल्या, सासूबाईंना खोदून खोदून विचारलं, आणि लक्षात आलं की हा प्रश्न आपल्या पिढीचा नाही. बीडच्या स्वयंपाकघरातल्या लाकडाला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजला की आजचा आकडाही नीट वाचता येतो. म्हणून आधी इतिहास, मग पैसे.

फडताळाच्या आधी

आपल्या आजेसासवांच्या स्वयंपाकघरात 'कॅबिनेट' नव्हतं, तरी वस्तू ठेवायच्या जागा आपल्यापेक्षा जास्त होत्या. माळवदाच्या घराची भिंत दोन-अडीच हात जाड. त्या जाडीचाच उपयोग करून भिंतीत देवळ्या आणि कोनाडे काढायचे. तिखट-मिठाचं देवळीत, दिवा कोनाड्यात, दूध-दही शिंकाळ्यात, डाळी-गूळ उतरंडीत, धान्य बळदात किंवा कणगीत. पाण्याचे हंडे परिंड्यावर, आणि परिंड्याशेजारी खुंटीला गळणं. पितळेची भांडी मांडणीवर उघडी, रोज घासलेली, रोज दिसणारी.

म्हणजे भिंत हेच कपाट होतं. त्याला निराळा खर्च नव्हता, घराच्या खर्चातच ते येऊन जाई. स्वयंपाक बसून होत असल्यामुळे ओटा नव्हता, आणि ओटा नाही म्हणून ओट्याखालची पोकळीही नव्हती. ज्या पोकळीवर आपण आज हजारो रुपये घालतो, ती त्या घरात जन्मलीच नव्हती.

लाकूड आलं ते फडताळाच्या रूपानं. भिंतीतल्या मोठ्या कोनाड्याला चौकट आणि दोन दारं बसवली की फडताळ झालं. गावचा सुतार हा बलुतेदार. कुळव-पाभर, नांगर, बैलगाडी यांची दुरुस्ती तो वर्षाच्या धान्यावर करायचा. फडताळ हे मात्र त्या बलुत्यात बसत नसे. त्याचे पैसे वेगळे द्यावे लागत. त्यामुळे बायकोनं फडताळ मागणं म्हणजे घरातून रोकड काढायला लावणं, आणि रोकड काढायची तर कारण सांगावं लागे. "उंदीर लागतात" हे एक कारण, "पोरं गूळ खातात" हे दुसरं.

हाली २१

आमच्या घरच्या संवत १९९९ च्या वहीत, म्हणजे इसवी सन १९४२-४३ च्या सुमाराला, अशी एक नोंद आहे. रसोईतल्या फडताळाचा खर्च: लाकूड १२, सुतारी ६, बिजागऱ्या व कडी २, सरस व खिळे १. एकूण हाली २१.

'हाली' म्हणजे काय, हे आपल्या मुलींना आता सांगावं लागतं. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचं स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. ब्रिटिश हद्दीतल्या रुपयाला आपले लोक 'कलदार' म्हणत. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा भाव धरत. म्हणजे हे फडताळ १८ कलदारांना पडलं. संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं तरी हाली सिक्का लगेच गेला नाही, १९५९ पर्यंत तो चलनात होता. इतकी वर्षं आपल्या सासवांना एकाच बटव्यात दोन नाणी सांभाळावी लागली.

लाकडाचे १२ रुपये एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त आहेत. का? बीडच्या आसपास बाभूळ मिळे, लिंब मिळे, आंबा मिळे. सागवान बाहेरून यायचं. निजामाच्या मुलखात सागाची जंगलं होती ती अदिलाबादकडे. आजचा किनवट तालुका १९५६ पर्यंत त्याच अदिलाबाद जिल्ह्यात होता. पण बीड शहराला रेल्वे नव्हती. जवळची रुळाची गावं म्हणजे जालना आणि परळी. तिथून पुढचा रस्ता बैलगाडीचा. नगरकडून आणावं तर आष्टीच्या पलीकडे ब्रिटिश हद्द, म्हणजे मध्ये करोडगिरीचं नाकं, संस्थानाची जकात. झाड जंगलात स्वस्त असलं तरी बीडच्या पेठेत पोचेपर्यंत ते महाग होई.

हे लक्षात ठेवा, कारण आजही प्लायवूडच्या भावात वाहतूक धरलेली असतेच. बीडला पहिली प्रवासी रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, अहिल्यानगरकडची. वहीतल्या त्या फडताळानंतर ऐंशी वर्षांहून जास्त काळानं.

वहीतला एक रुपया

सगळ्यात जास्त वेळ मी थांबले ती 'सरस' या शब्दावर. आजच्या बायकांना सरस म्हणजे चांगला एवढंच माहीत. सुताराचा सरस म्हणजे डिंकासारखा चिकट पदार्थ, जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला. त्याच्या वड्या मिळत. सुतार त्या पाण्यात घालून डबा विस्तवावर ठेवी आणि गरम असतानाच लाकडाला लावी. त्याचा वास घरभर फिरे. जी घरं पाणी गाळल्याशिवाय पीत नव्हती, त्या घरांच्या फडताळाचे सांधे कातड्या-हाडांच्या काढ्यानं चिकटवलेले असत.

सासूबाई सांगतात की आजेसासूबाईंनी दोन अटी घातल्या होत्या. सुतारानं सरस अंगणाबाहेर तापवायचा, आणि फडताळाला चपड्याचं पॉलिश करायचं नाही, जवसाचं तेल घासायचं. पहिल्या अटीमागे वास होता. दुसरीमागे लाख होती.

चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात, त्यांच्या अंगातून पाझरलेलं कवच म्हणजे लाख. फांदी खरवडताना किड्यांचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. एका किलोमागे कीटकांची संख्या लाखांत जाते, आणि 'लाख' हे नावच त्या संख्येवरून पडलं असं मानतात. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या अध्ययनात पंधरा कर्मादानं येतात, आपण प्रतिक्रमणात ती म्हणतो. त्यात लक्खवाणिज्जे आहे, लाखेचा व्यापार. त्याच यादीत वणकम्मे आहे, जंगलतोडीचा धंदा. ही कर्मादानं उपजीविकेबद्दल आहेत, खरेदीबद्दल नाहीत, हे खरं. पण विकत घेणारं कुणीच नसेल तर व्यापार चालेल कशावर? शाळेची पायरी न चढलेल्या आजेसासूबाईंनी हा प्रश्न सुताराच्या तोंडावर सोडवला होता. जवसाच्या तेलाला चकाकी कमी येते, दर दोन वर्षांनी पुन्हा घासावं लागतं. ते कष्ट त्यांनी आपल्या अंगावर घेतले.

बेकेलाइट, सनमायका, फेव्हिकॉल

यानंतर जे घडलं ते बीडपासून फार लांब घडलं, पण त्यानं आपलं स्वयंपाकघर बदललं.

विजेच्या तारांना, यंत्रांच्या भागांना वेष्टण म्हणून लाख जगभर वापरत. मागणी वाढली, लाख महागली. तिला पर्याय शोधताना लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञानं अमेरिकेत १९०७ च्या सुमाराला फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून एक राळ तयार केली. ती बेकेलाइट. पुढे अमेरिकेतच दोन तंत्रज्ञांनी अशा राळेत भिजवलेले कागदाचे थर दाबून कडक पत्रे केले आणि १९१३ मध्ये कंपनी काढली. तोवर विजेच्या कामात अभ्रक म्हणजे मायका वापरत. 'मायकाऐवजी' म्हणून नाव ठेवलं फॉर्मायका. आपल्याकडे जो सनमायका आला तो याच जातीचा. तेही एका कंपनीच्या मालाचं नाव, पण डालडा जसा सगळ्या वनस्पती तुपाला चिकटला, तसं सनमायका हे नाव सगळ्या लॅमिनेटला चिकटलं. आतले थर जाड तपकिरी कागदाचे, वरचा थर छापील नक्षीच्या कागदाचा, आणि त्यावर मेलामाइनची राळ. लाकूड त्यात नाही, लाख नाही.

सरसाची जागा घेतली फेव्हिकॉलनं, १९५९ पासून. महुव्याच्या जैन कुटुंबातले बळवंतराय पारेख यांच्या कंपनीनं हा पांढरा डिंक आणला. तो रसायनातून तयार होतो, तापवावा लागत नाही, आणि त्यात जनावराचं काही नाही. त्यांनी तो अहिंसेसाठी काढला असं मी म्हणत नाही. सुताराला सोयीचा होता म्हणून तो चालला. पण परिणाम असा झाला की आपल्या घरातला सरसाचा डबा गेला.

प्लायवूडची गोष्ट थोडी कडू आहे. आपल्या देशात हा धंदा वाढला तो आसामकडे, चहाच्या पेट्यांसाठी. पुढे घराघरात प्लाय गेलं तशी ईशान्येच्या जंगलांवर कुऱ्हाड वाढली. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन खटल्यात अंतरिम आदेश दिला आणि तिथली तोड थांबवली. कितीतरी सॉ-मिल आणि प्लायचे कारखाने बंद पडले. धंदा सरकला हरियाणातल्या यमुनानगरला आणि केरळातल्या पेरुंबवूरला. यमुनानगरचं प्लाय शेताच्या बांधावर लावलेल्या पॉप्लर आणि निलगिरीचं, पेरुंबवूरचं बरंचसं म्हाताऱ्या रबराच्या झाडांचं. म्हणजे आज आपण चांगलं प्लाय घेतो तेव्हा पुष्कळदा ते पिकवलेल्या झाडाचं असतं. दुकानदाराला विचारायला हरकत नाही. मी विचारलं, आणि त्यानं यमुनानगरचा शिक्का दाखवला.

ओटा कसा आला

उभं राहून स्वयंपाक करायचा तर हाताच्या उंचीला शेगडी हवी, आणि शेगडी वर आली की तिच्याखाली पोकळी उरते. चुलीचा धूर आणि काजळी होती तोवर वर ठेवण्यात अर्थ नव्हता. रॉकेलचा स्टोव्ह आणि मग गॅस आला तेव्हा ओटा आला.

युरोपात हे आपल्या आधी झालं. १९२६ मध्ये मार्गारेट श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्ट शहराच्या कामगारवस्तीसाठी एक छोटं स्वयंपाकघर आखलं. पावलं कमी पडावीत म्हणून ओटा, सिंक, खण सगळं जवळजवळ आणि एका मापाचं. अशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. पिठाचे खण त्यांनी ओक लाकडाचे केले, कारण त्या लाकडातल्या तुरटपणामुळे पिठात किडे कमी होतात असा विचार होता. किडा झाल्यावर मारण्यापेक्षा तो होऊच नये अशी जागा करायची. आपण यालाच जयणा म्हणतो.

मराठवाड्यात ओट्याला आणखी एक निमित्त झालं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं यांनी माणसं गेली. त्यानंतर आपल्याकडे जुन्या घरांची धास्ती बसली आणि आरसीसीची घरं झपाट्यानं वाढली. आमचंही माळवद उतरवलं. सहा इंचांच्या भिंतीत देवळी कशी निघणार? बळद गेलं, कोनाडे गेले, फडताळाची भिंतच गेली. जी साठवण घराच्या अंगात होती ती आता विकत घ्यावी लागली. बाईच्या स्वयंपाकघराचा खर्च इथून सुरू झाला.

पण आपल्या गवंड्यांनी एक शहाणपण केलं. ओट्याखाली त्यांनी लाकडाची पेटी न करता कडप्पा उभा केला. आंध्रातल्या कडप्प्याचा तो काळा दगड. उभ्या पट्ट्या, आडव्या फळ्या, सगळं दगडाचं. लाकूड फक्त समोरच्या दारांना. पुण्या-मुंबईच्या मॉड्युलर किचनमध्ये पेटीसुद्धा प्लायची असते. आपल्याकडे हाडं दगडाची आणि चेहरा लाकडाचा.

पुढचा सगळा हिशेब याच एका वाक्यावर उभा आहे.

आमचा हिशेब

आमची जुनी दारं २००६ ची, भुशाच्या बोर्डाची. हा बोर्ड लाकडाचा भुसा आणि राळ दाबून करतात. कोरडा असेपर्यंत छान दिसतो. पाणी लागलं की फुगतो आणि मग स्क्रू धरत नाही, बिजागरी कितीदाही घट्ट करा, पुन्हा सुटते. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेला पूर आला, तेव्हा पाण्यात गेलेली सागवानी फडताळं उन्हात वाळवून लोकांनी पुन्हा वापरली, असं पेठेतल्या बायका सांगतात. भुशाच्या बोर्डाला एक गळका नळ पुरतो.

एका दुकानानं सगळं उखडून नवं करण्याचे १,६०,००० रुपये सांगितले. त्यात कडप्पा फोडणं, नव्या पेट्या, नवा ओटा सगळं आलं. मी विचारलं, "कडप्प्याला काय झालंय?" उत्तर मिळालं, "मॅडम, आता कडप्पा कोणी ठेवत नाही." हे काही कारण झालं नाही.

मग फक्त दारांचा अंदाज काढला. खाली १२ फूट लांब आणि अडीच फूट उंच म्हणजे ३० चौरस फूट, वर १० फूट आणि दोन फूट म्हणजे २० चौरस फूट. कडेच्या पट्ट्या धरून ६० चौरस फूट. एकूण १६ दारं. खर्च असा झाला:

१८ मिलिमीटर मरीन प्लाय, दोन शीट (६४ चौरस फूट, १०० रुपयांनी): ६,४००
बाहेरचा सनमायका, दोन शीट: ३,०००
आतला पातळ पांढरा सनमायका, दोन शीट: १,३००
डिंक: १,२००
कडेची पट्टी: ४००
बिजागऱ्या ३२, प्रत्येकी १३०: ४,१६०
मुठी १६, प्रत्येकी १५०: २,४००
सिंकखालच्या दोन दारांसाठी पीव्हीसी बोर्ड: ९००
मिस्त्री आणि हाताखालचा, ६ दिवस, रोज १,६००: ९,६००
टेम्पो: ५००
एकूण: २९,८६० रुपये

हा २०२५ चा, आमच्या घराचा आणि आमच्या मिस्त्रींचा हिशेब. तुमच्याकडे भाव निराळे असतील, पण खाती हीच राहतील. आतून सनमायका कशाला, असं विचारू नका. एकाच बाजूला लावला तर दार वाकतं.

तिसराही एक मार्ग आहे. दारं धड असतील, नुसता रंग उडाला असेल, तर जुन्याच दारांवर नवा सनमायका लावायचा. आमच्या मापाला त्याचे सनमायका ३,०००, डिंक ९००, पट्टी ४०० आणि तीन दिवसांची मजुरी ४,८०० असे ९,१०० रुपये झाले असते. आमची दारं स्क्रू धरत नव्हती म्हणून तो मार्ग बंद होता. तुमची प्लायची असतील तर आधी हाच विचार करा.

आता जुन्या वहीशेजारी नवी वही ठेवू. १९४२ च्या २१ रुपयांत सुतारी ६, म्हणजे २९ टक्क्यांच्या आसपास. आज २९,८६० मध्ये मजुरी ९,६००, म्हणजे ३२ टक्के. सुताराचा वाटा जवळपास तोच. बिजागऱ्या आणि मुठींचा वाटा तेव्हा दहा टक्क्यांहून कमी होता, आज २२ टक्के आहे. आणि लाकूड, जे तेव्हा निम्म्याहून जास्त होतं, ते आज पाव हिश्शालाही पोचत नाही. एका घराच्या दोन नोंदींवरून इतिहास ठरत नाही, हे मला कळतं. पण आपल्यासाठी त्यात एक सूचना आहे. आज पैसा लाकडात कमी आणि दिसण्याच्या वस्तूंत जास्त जातो. खर्च कमी करायचा तर मुठींत करा, प्लायमध्ये करू नका. प्लायवर आयएसआय चिन्हासोबत आकडा बघा. आयएस ३०३ हे साध्या वापराचं, आयएस ७१० हे मरीनचं. ओट्याखाली ७१० घ्या.

दारामागे वाळवी

जुनी दारं उतरवली तेव्हा सिंकखालच्या चौकटीत वाळवी निघाली. मिस्त्री म्हणाले, "ताई, औषध मारून घेऊ, पाच मिनिटांचं काम आहे." घरात दोन मतं पडली. मुलगा म्हणाला, पसरली तर सगळं घर खाईल. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पूंजणी घेऊन खाली बसल्या.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाला आरंभी पूर्ण टाळता येत नाही. चूल पेटवली की ती होते. पण ठरवून मारणं ही संकल्पी, ती टाळायची. मग वाळवीचं करायचं काय? मी मिस्त्रींना विचारलं, ती आली कशाला? ते म्हणाले, "ओल आणि लाकूड, दोन्ही एका जागी मिळालं म्हणून." मग दोन्हीपैकी एक काढून टाकू, असं ठरलं. ती चौकट तशीच्या तशी अलगद उचलून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, गावाबाहेर एका बांधावर सावलीच्या मातीत ठेवून आलो. सिंकचा गळका सांधा आधी प्लंबरकडून बदलून घेतला. कडप्प्याच्या फटी सिमेंटनं बुजवल्या. सिंकखाली लाकूड लावलंच नाही, तिथे पीव्हीसीची दोन दारं आली. हिशेबातले ते ९०० रुपये याचे. खालच्या सगळ्या दारांत आणि फरशीत चार बोटं जागा ठेवली, म्हणजे रोज पोचा फिरतो आणि ओल राहत नाही.

मूळ इमारतीत, भिंतीत वाळवी असेल तर हा उपाय पुरा पडत नाही. तेव्हा जाणकाराला विचारावंच लागेल, आणि तो निर्णय ज्या त्या घराचा. पण ओट्याखालची बहुतेक वाळवी, झुरळं आणि बुरशी ही गळक्या नळाची लेकरं असतात. दारं बदलायच्या आधी नळ बदला. नाहीतर तीस हजारांची दारं चार वर्षांत पुन्हा फुगतील आणि पुन्हा औषधाची वेळ येईल.

उरलेले पैसे

१,६०,००० मधून २९,८६० वजा केले तर १,३०,१४० उरतात. हे पैसे 'वाचले' असं म्हणताना मला जरा विचार करावासा वाटतो. आपल्याच जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं जातात. पाच-सहा महिने त्या बाईचं स्वयंपाकघर म्हणजे कोपीपुढचे तीन दगड. ओटा नाही, नळ नाही, दार नाही. तिच्या तीन दगडांकडे बघितलं की आपल्या १६ दारांकडे निराळ्या नजरेनं बघितलं जातं. परिग्रह परिमाण हे व्रत आपण सोनं, जमीन, कपडे यांच्यासाठी घेतो. स्वयंपाकघरासाठीही घेता येतं: मोडलं ते बदलीन, न मोडलेलं फोडणार नाही.

आमचा कडप्पा अजून पन्नास वर्षं हलणार नाही. पुढच्या सुनेला रंग आवडला नाही तर तिनं खुशाल दारं बदलावीत. तिला हिशेब करायला सोपं जावं म्हणून ही नोंद मी घरच्या वहीत, संवत १९९९ च्या नोंदीखाली, तारीख घालून लिहून ठेवली आहे. तुमच्या घरी झालेल्या कामाचीही अशी नोंद ठेवा: माप, माल, मजुरी, आणि काय ठेवलं, काय काढलं. दुकानदाराचा अंदाज दोन दिवसांत विसरायला होतो. वहीतला आकडा नातसुनेलाही सापडतो.

जय जिनेंद्र.